ट्रेंड्सचा नकाशा एक सांगतो, ॲनालिटिक्स दुसरंच: प्रदेशवार आकडे जुळत नसतील तेव्हा

मराठी साइट चालवणाऱ्यांकडून ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. गूगल ट्रेंड्समध्ये (गूगलवर कोणता शब्द कुठे किती शोधला जातो ते दाखवणारं पान) साइटचं नाव टाकलं, देश भारत ठेवला, तर खालच्या नकाशात गोव्याला १०० आणि महाराष्ट्राला साठच्या आसपास. गूगल ॲनालिटिक्स, म्हणजे साइटवर आलेल्या वाचकांचा हिशेब, उघडलं तर गोव्याचे वाचक चिमूटभर, बाकी सगळे पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरचे. मग जाहिरातदाराला कोणता आकडा दाखवायचा, गोव्यासाठी वेगळा विभाग काढायचा का, आणि ट्रेंड्स बिघडलंय का, असे प्रश्न एकामागून एक येतात.

बिघडलेलं काही नसतं. ट्रेंड्स लोकांनी काय विचारलं ते मोजतं आणि ॲनालिटिक्स कोण येऊन गेलं ते मोजतं. त्यातही ट्रेंड्स माणसं मोजत नाही, प्रमाण मोजतं. या दोन गोष्टींच्या फटीतच जवळजवळ सगळे घोळ होतात. खाली ते घोळ ज्या क्रमाने तपासावेत त्या क्रमाने लिहिले आहेत. पहिल्या दोनांतच बहुतेकांचं काम भागतं.

थोडा इतिहास, कारण जुने लेख वाचून अनेक जण नसलेलं बटण शोधत बसतात. २००८ मध्ये गूगलने ‘ट्रेंड्स फॉर वेबसाइट्स’ नावाची सोय काढली होती. तिच्यात थेट साइटचा पत्ता टाकला की वाचक कुठल्या भागातून येतात याचा अंदाज मिळायचा. ती सोय कधीच बंद झाली. साइटना लोकप्रियतेप्रमाणे क्रमांक देणारं ॲलेक्सा रँकिंगही १ मे २०२२ ला बंद झालं. त्यामुळे आज ट्रेंड्समध्ये तुम्ही साइटचं नाव टाकता तेव्हा ते नाव गूगलच्या लेखी फक्त एक शोधशब्द असतं. त्यामागे साइट आहे, दुकान आहे की गाव, याच्याशी त्या आलेखाला देणंघेणं नसतं.

गोवा वर, महाराष्ट्र खाली: छेद पाहा

शाळेतला अपूर्णांक आठवा. अंश म्हणजे त्या भागातून तुमच्या शब्दाचे झालेले शोध, छेद म्हणजे त्याच काळात त्या भागातून गूगलवर झालेले सगळे शोध. हा भागाकार ज्या राज्यात सर्वांत मोठा येतो त्याला १०० दिले जातात आणि बाकीची राज्यं त्याच्या तुलनेत बसवली जातात. म्हणून गोव्याचे १०० म्हणजे गोव्यातले शोध सर्वांत जास्त, असा अर्थ होत नाही. गोव्यातल्या एकूण शोधांत तुमच्या नावाचा वाटा सर्वांत मोठा आहे, एवढंच ते सांगतं.

किती फरक पडतो ते पाहा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या आसपास होती आणि गोव्याची साडेचौदा लाखांच्या थोडी वर. म्हणजे गोव्याच्या सुमारे ७७ पट महाराष्ट्र. समजा नकाशात गोवा १०० आणि महाराष्ट्र ६० आहे, आणि दोन्हीकडचा माणूस सरासरी तेवढंच गूगल वापरतो असं घटकाभर धरलं. मग ६० गुणिले ७७, म्हणजे ४६२०, आणि समोर १००. नकाशात मागे पडलेल्या महाराष्ट्रातून प्रत्यक्षात सुमारे ४६ पट शोध झालेले असू शकतात. ॲनालिटिक्स तेच तर सांगत होतं.

हे गणित ढोबळ आहे. इंटरनेट वापरणारे दोन्हीकडे सारख्या प्रमाणात नाहीत आणि जनगणनाही जुनी झाली. लोकसंख्येऐवजी इंटरनेट ग्राहकांचा आकडा घेतलेला बरा, आणि ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या अहवालांत तो सर्कलनिहाय, म्हणजे दूरसंचार विभागांप्रमाणे, मिळतो. पण इथे एक खास आपली अडचण आहे. दूरसंचाराच्या हिशेबात महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा धरलेला असतो आणि मुंबई वेगळं सर्कल असते. म्हणजे ज्या दोन राज्यांची तुलना करायची आहे तीच तिथे एका ओळीत बसलेली! मध्य प्रदेशाच्या ओळीत छत्तीसगड असतं, आंध्राच्या ओळीत तेलंगण. त्यामुळे गोव्यासाठी मी तरी लोकसंख्याच वापरतो आणि आकड्याशेजारी ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहितो.

हाच प्रकार शहरांच्या यादीत जास्त बोचतो. राज्य महाराष्ट्र निवडलं की खाली शहरं येतात आणि कधी न ऐकलेलं एखादं छोटं गाव १०० घेऊन पहिलं बसतं. छोट्या गावात एकूण शोधच कमी, त्यामुळे दहा-वीस जणांनी एका आठवड्यात तेच विचारलं तरी वाटा फुगतो. मुंबई मात्र अशा यादीत बहुतेक वेळा खाली असते, कारण मुंबईचा छेद प्रचंड आहे: लोकलचं वेळापत्रक, हॉटेलं, नोकऱ्या, सिनेमे, शेअर बाजार, तेही चार-पाच भाषांत. या यादीवरून ‘मुंबईत आपल्याला कोणी वाचत नाही’ असा निष्कर्ष काढून जाहिरातीचा पैसा हलवू नका.

यादीवर ‘कमी शोध असलेले प्रदेश धरा’ अशी एक खूण असते. ती काढून ठेवा. एवढ्या एका टिचकीने निम्मा गोंधळ नाहीसा होतो.

शब्द तोच, राज्य भलतंच

हा घोळ सर्वांत मोठा, कारण इथे आलेख सुंदर दिसतो, आकडे भरपूर असतात, आणि सगळं चुकीच्या गोष्टीबद्दल असतं.

जमिनीच्या नोंदींची माहिती देणाऱ्या साइट मराठीत खूप आहेत, म्हणून तेच उदाहरण घेऊ. इंग्रजी आकड्यांत सात-तिरपी रेघ-बारा असं टाकून देश भारत ठेवा. महाराष्ट्राबरोबर गुजरातही उजळतो. नवल नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे दोन्ही राज्यांच्या महसुली दप्तरात आहेत, कारण १ मे १९६० पर्यंत दोन्ही राज्यं मुंबई राज्यातच होती. गुजरातचा शेतकरी ‘सात-बार’ म्हणतो आणि तो पाहायला एनीआरओआर नावाच्या सरकारी पोर्टलवर जातो. तुमच्या मराठी साइटशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण आलेखात तो आहेच.

‘भूलेख’ टाकलं तर आणखी पंचाईत. आपल्याकडे महाभूलेख आहे, पण भूलेख उत्तर प्रदेशातही आहे, उत्तराखंडातही आणि ओडिशातही. उत्तर प्रदेशची लोकसंख्या २०११ मध्येच जवळपास २० कोटी होती. देशाच्या आलेखात महाराष्ट्राचं भूलेख त्यात बुडून जातं. उलट कर्नाटकात याच कागदाला पहाणी किंवा आरटीसी म्हणतात आणि गोव्यात एक-चौदाचा उतारा. त्यामुळे ‘सातबारा’वर गोवा आणि बेळगाव फिके दिसले तर तिथले लोक जमिनीबद्दल विचारतच नाहीत असं समजू नका. ते तुमच्या शब्दांत विचारत नाहीत.

योजनांच्या साइटना हाच फटका २०२४ मध्ये बसला. महाराष्ट्राची लाडकी बहीण त्या वर्षी आली, मध्य प्रदेशची लाडली बहना २०२३ पासून होती. रोमन लिपीत लिहिताना लोक ‘लाडकी’, ‘लाडली’, ‘बहीण’, ‘बहन’, ‘बहना’ यांची वाटेल तशी सरमिसळ करतात. मराठी माणूस घाईत ‘लाडली बहन महाराष्ट्र’ असंही टाकतो. अशा वेळी एकच स्पेलिंग घेऊन काढलेला प्रदेशवार नकाशा जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

उपाय तीन आहेत आणि ते याच क्रमाने करावेत.

आधी पाहा की तुमच्या शब्दाला ट्रेंड्स ‘विषय’ म्हणून ओळखतं का. नाव टाइप करताना खाली सुचवण्या येतात, त्यांत काहींखाली ‘शोधशब्द’ असतं आणि काहींखाली ‘विषय’ किंवा एखादा प्रकार. विषय निवडला तर वेगवेगळ्या भाषांतले, वेगवेगळ्या लिप्यांतले आणि स्पेलिंगांतले शोध एकत्र मोजले जातात. शोधशब्द निवडला तर तुम्ही लिहिलेलीच अक्षरं मोजली जातात. चुकीचं स्पेलिंग, समानार्थी शब्द, अनेकवचन, काही धरलं जात नाही. मोठ्या साइटना विषय मिळतो, गावाकडच्या साइटला सहसा मिळत नाही.

विषय नसेल तर अधिकचं चिन्ह वापरून सगळी रूपं एका ओळीत जोडा: देवनागरी ‘सातबारा’, देवनागरी आकड्यांतलं ‘७/१२ उतारा’, रोमन लिपीतली दोन-तीन स्पेलिंगं, आणि ‘महाभूलेख’ दोन्ही लिप्यांत. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा. नको असलेला अर्थ वजाच्या चिन्हाने काढा. दोन शब्दांचं नाव असेल तर अवतरणचिन्हांत टाका. नाहीतर ते दोन शब्द कुठल्याही क्रमाने, मध्ये भलतंच काही घालून आले तरी मोजले जातात. ‘माझी शेती’ असं साइटचं नाव असलेल्याला याचं महत्त्व लगेच कळेल.

आणि तिसरं: देश न ठेवता राज्यच महाराष्ट्र निवडून पाहा. गुजरातचा सात-बार त्याबरोबर आपोआप गळतो. पण मग राज्याबाहेरचे मराठी वाचकही गळतात, इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद सगळे. ते हवे असतील तर देवनागरी मराठी रूप घेऊन देशाचा नकाशा वेगळा काढा. हिंदीशी न जुळणारं रूप निवडा. ‘योजना’ नको, ‘अर्ज कसा भरावा’ चालेल. ‘कसा भरावा’ हिंदी माणूस लिहीत नाही.

‘पुरेसा डेटा नाही’

साइट छोटी आहे, एवढाच याचा अर्थ. ट्रेंड्स सगळे शोध मोजत नाही, नमुना घेतं, आणि नमुन्यात फार कमी वेळा आलेला शब्द शून्य दाखवतं. शून्य म्हणजे कोणीच शोधलं नाही असं नव्हे. स्वतःच दिवसभर साइटचं नाव शोधत बसूनही काही होणार नाही, कारण एकाच माणसाने थोड्या वेळात पुन्हा पुन्हा केलेले तेच शोध वगळले जातात.

कालावधी वाढवा. महिन्याऐवजी पाच वर्षं घेतलीत तर नकाशात निदान तीन-चार राज्यं उमटतील. तरीही रिकामं असेल तर साइटच्या नावाचा नाद सोडा आणि विषयाचे शब्द तपासा. तुम्ही कांद्याचे बाजारभाव देत असाल तर ‘कांदा बाजारभाव’ कुठे शोधलं जातं ते पाहा. मागणी कुठे आहे ते कळतं. तिथपर्यंत तुमची साइट पोचते का, हे सर्च कन्सोल, म्हणजे लोक गूगलवर काय विचारून साइटवर आले ते साइटच्या मालकाला दाखवणारं गूगलचं साधन, सांगेल.

सर्च कन्सोलची एक मर्यादा आधीच सांगतो, म्हणजे शोधाशोध वाचेल. त्यात देश मिळतो, राज्य मिळत नाही. पण लोक प्रश्नातच गावाचं नाव लिहितात, ‘लासलगाव कांदा भाव’, ‘जळगाव केळी दर’ असं. शोधप्रश्नांच्या गाळणीत रेजेक्सचा (एका सूत्रात अनेक शब्द शोधण्याचा) पर्याय आहे. तिथे जिल्ह्यांची आणि बाजार समित्यांची नावं उभ्या रेघेने जोडून टाका, दोन्ही लिप्यांत. सोळा महिन्यांपर्यंतचा डेटा मिळतो. माझ्या मते छोट्या मराठी साइटसाठी प्रदेश कळून घेण्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, ट्रेंड्सपेक्षाही. इथे मिळणारे आकडे प्रमाणात नसतात, खऱ्या क्लिक असतात. फार थोड्यांनी विचारलेले प्रश्न गोपनीयतेसाठी लपवलेले असतात, तेवढी गळती धरून चाला.

काल महाराष्ट्र ७४ होता, आज ६१ कसा?

नमुना बदलला. त्याच दिवशी पुन्हा उघडलं तर बहुतेक वेळा तोच आकडा दिसतो, दुसऱ्या दिवशी नवा नमुना निघतो. मोठ्या शब्दांना याने फरक पडत नाही, छोट्यांना खूप पडतो. तोच प्रश्न, तोच कालावधी, तेच ठिकाण ठेवून वेगवेगळ्या दिवशी फाइल उतरवून घ्या आणि सरासरी काढा. कालावधी निवडताना ‘मागचे १२ महिने’ ठेवू नका, तो रोज एक दिवस पुढे सरकतो. सुरुवात आणि शेवट तारखेने ठरवा. दोन नमुन्यांत राज्यांचा क्रमच उलटा होत असेल, तर त्या दोन राज्यांत फरक नाही असं मानून पुढे जा.

दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवून केलेली तुलना

एका पानावर आपली साइट, दुसऱ्या पानावर प्रतिस्पर्धी, दोन्हीकडे विदर्भातल्या शहरांना ९० च्या वर, म्हणून दोघांची लोकप्रियता सारखी. असं दाखवणारे अहवाल मी पाहिले आहेत, आणि ते नीट छापून, रंगीत मुखपृष्ठासह आलेले होते. दोन्ही पानांवरचे १०० वेगवेगळे आहेत. पहिल्या पानावरचा १०० दुसऱ्या पानावर कदाचित ३ असेल.

तुलना एकाच चौकटीत करायची. तिथे मोजकीच नावं बसतात. जास्त असतील तर एक मधल्या वजनाचं नाव प्रत्येक गटात तेच ठेवा आणि बाकीच्यांचं त्याच्याशी गुणोत्तर काढा. फार मोठं नाव मापाला घेऊ नका. एखाद्या मोठ्या वृत्तवाहिनीशेजारी तुमची साइट ठेवलीत तर तुमची रेघ तळाला चिकटेल आणि सगळीकडे ‘एकपेक्षा कमी’ येईल.

एकत्र तुलनेत नकाशाचा अर्थ बदलतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एकच शब्द असताना प्रत्येक राज्याला शंभरपैकी गुण असतात. दोन-तीन शब्द असताना त्या राज्यातल्या या शब्दांच्या शोधांची आपसात टक्केवारी असते, बेरीज १००. त्यामुळे मिझोराममध्ये तुमची साइट १०० टक्के दिसू शकते. तिथे मोजक्याच लोकांनी विचारलं आणि प्रतिस्पर्ध्याला कोणीच विचारलं नाही. मुंबई-पुण्यात राहून मिझोराम जिंकल्याचा आनंद करायला हरकत नाही, पण तो अहवालात लिहू नये.

शोध मुंबईतून, जमीन साताऱ्यात

ट्रेंड्सला कळतं ते शोध करताना माणूस कुठे होता. तो कुठला, किंवा कशाबद्दल विचारतोय, हे त्या नकाशात नसतं. सातबाऱ्याच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. ठाणे, कल्याण, नवी मुंबईत राहणाऱ्या हजारो घरांची जमीन सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गात आहे. त्यांचा उतारा मुंबईतून शोधला जातो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळायला लागल्यावर त्यासाठी तलाठ्याकडे खेप मारायची गरज कमी झाली, तेव्हा हे शोध गावाकडून शहराकडे सरकले असणार हे उघड आहे. नकाशात ठाणे उजळलं म्हणून ‘ठाण्यातले शेतकरी’ असा मथळा देऊ नका.

उलटंही होतं. गणपतीत चाकरमानी गावाला जातात. मग कोकणातल्या छोट्या शहरांचा अंशही बदलतो आणि छेदही. त्या पंधरवड्यातले आकडे उरलेल्या वर्षाशी ताडून काही सिद्ध करायला जाऊ नका. तसंच पीक विम्याची मुदत जवळ आली, ई-पीक पाहणीचे दिवस आले की सातबाऱ्याची शोधाशोध वाढणारच. प्रदेशांची तुलना करायची तर दोन्हीकडे तोच हंगाम हवा.

ॲनालिटिक्सच्या बाजूची तपासणी

आतापर्यंत ट्रेंड्सची उलटतपासणी झाली. पण जुळत नसण्यात निम्मा दोष समोरच्या बाजूचाही असतो.

मराठी साइटकडे वाचक कसे येतात ते आठवा. गावाच्या, भावकीच्या, शेतकरी गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक पडते आणि लोक तिच्यावर बोट ठेवतात. त्यात गूगलचा शोध कुठेच नाही. ॲनालिटिक्समध्ये हे बहुतेक ‘डायरेक्ट’ म्हणून जमा होतं, म्हणजे पत्ता तोंडपाठ असल्यासारखं. मोबाइलवर गूगलच्या डिस्कव्हरमध्ये आपोआप पुढे येणाऱ्या बातमीवरूनही गर्दी येते, आणि त्यातही कोणी काही शोधलेलं नसतं. तुमचं ॲप असेल तर नेहमीचे वाचक तिथे जातात आणि साइटचं नाव शोधायचं सोडून देतात. म्हणजे साइट जितकी अंगवळणी पडते तितका तिच्या नावाचा शोध कमी होऊ शकतो. मराठवाड्याचा वाचक ॲनालिटिक्समध्ये भरपूर आणि ट्रेंड्समध्ये फिका, असं दिसलं तर पहिला संशय व्हॉट्सॲपवर घ्या.

म्हणून तुलना करताना ॲनालिटिक्समध्ये फक्त ‘ऑरगॅनिक सर्च’ची (जाहिरातीशिवाय, शोधातून आलेल्या वाचकांची) गाळणी लावा, त्यातही स्रोत गूगल. कालावधी ट्रेंड्सइतकाच, तारखेला तारीख. मग राज्यवार वापरकर्त्यांच्या आकड्याला त्या राज्याच्या लोकसंख्येने भागा. आता तुमच्याकडेही प्रमाण आलं आणि दोन्ही बाजू एका भाषेत बोलू लागल्या. या टप्प्यावर गोवा बऱ्याच वेळा ॲनालिटिक्समध्येही वर येतो, आणि ट्रेंड्सबद्दलची निम्मी तक्रार मिटते.

राहिला प्रश्न शहरांचा. ॲनालिटिक्स शहर ओळखतं ते आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून. मोबाइल डेटावर असलेल्या माणसाचा आयपी त्याच्या गावाचा असेलच असं नाही, कंपनीच्या जाळ्याचं दार जिथे उघडतं तिथलं शहर नोंदलं जातं. त्यामुळे मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांच्या नावावर आजूबाजूचा मोठा मुलूख जमा होतो. बुलढाण्याचा किंवा हिंगोलीचा आकडा अविश्वसनीय वाटण्याइतका कमी असेल, तर तिथे वाचक नाहीत असं ठरवण्याआधी हे कारण धरा. राज्याच्या पातळीवर हा गोंधळ कमी असतो. मी शहरांची यादी फक्त वायफाय जास्त असलेल्या भागांसाठी वापरतो आणि ग्रामीण भागासाठी सर्च कन्सोलमधली गावांची नावं.

‘आपली साइट दहा वर्षांत घसरत गेली’

२००४ पासूनचा आलेख काढला की अनेक साइटची रेघ उतरती दिसते. पुन्हा छेद. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गूगल वापरणारी माणसंच कितीतरी पटींनी वाढली. ती माणसं क्रिकेट शोधतात, गाणी शोधतात, निकाल शोधतात. तुमच्या साइटचे शोध दुप्पट झाले आणि एकूण शोध पाचपट झाले, तर रेघ खालीच जाणार. ग्रामीण भागात इंटरनेट उशिरा पोचलं, त्यामुळे राज्याराज्यांत हा उतार वेगवेगळ्या वर्षी दिसतो. त्यावरून ‘विदर्भाने आपल्याला सोडलं’ असं काही सांगू नका.

आलेखावर छोटी टीप दिसते तीही वाचा. १ जानेवारी २०११ ला ठिकाण ओळखण्याची पद्धत सुधारली गेली, तर १ जानेवारी २०१६ ला आणि १ जानेवारी २०२२ ला डेटा गोळा करण्याची. या तारखांच्या अलीकडच्या-पलीकडच्या प्रदेशवार आकड्यांची तुलना टाळा. २०११ च्या आधीचा राज्यवार नकाशा तर मी वापरतच नाही.

आणि शेवटच्या टोकाला रेघ तुटक होऊन एकदम खाली गेली असेल तर घाबरू नका. तो आठवडा किंवा महिना अजून पुरा व्हायचा आहे. सोमवारी सकाळी येणाऱ्या ‘साइट पडली का’ अशा फोनांचं कारण बहुधा हीच तुटक रेघ असते.

फाइल उतरवल्यावर

ट्रेंड्समधून उतरवलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा तक्ता) एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरीच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसतो. फाइलवर दोनदा टिचकी मारण्याऐवजी आधी रिकामं पान उघडा, ‘डेटा’ मेनूतून मजकूर किंवा सीएसव्हीवरून आयात करा आणि अक्षरपद्धत यूटीएफ-८ निवडा. गूगल शीट्समध्ये ही कटकट नाही.

‘एकपेक्षा कमी’ अशी खूण असलेल्या घरांत बेरीज-सरासरी चालत नाही, कारण एक्सेल त्याला शब्द समजतं. त्या जागी ०.५ घालायचं असं मी ठरवून ठेवलंय, पण काहीही घाला, सगळीकडे तेच घाला आणि तळाशी तशी नोंद करा. रिकामं घर मात्र रिकामंच ठेवा, तिथे शून्य भरू नका.

दर आठवड्याला हे हाताने करायचा कंटाळा येऊन लोक पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली अनधिकृत लायब्ररी (तयार कोड) लावतात आणि मग ४२९ ही चूक येत राहते. फार वेगाने फार विनंत्या गेल्या, एवढाच तिचा अर्थ. विनंत्यांमध्ये अंतर ठेवलं तर काही दिवस चालतं, पुन्हा अडतं. गूगलने जुलै २०२५ मध्ये ट्रेंड्सचा अधिकृत एपीआय (प्रोग्रॅममधून थेट आकडे मागवण्याची सोय) अल्फा, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीच्या, पातळीवर, मोजक्या लोकांसाठी खुला केला. त्याची खरी मौज म्हणजे त्यातले आकडे दर वेळी नव्याने १०० वर बसवलेले नसतात. मोजपट्टी सगळ्या विनंत्यांना एकच असते, त्यामुळे आज मागितलेलं आणि पुढच्या महिन्यात मागितलेलं शेजारी ठेवता येतं, राज्यवारही. प्रवेशासाठी अर्ज करावा लागतो. तो मिळेपर्यंत मापाचा शब्द धरून गुणोत्तर काढण्याची वर सांगितलेली पद्धत चालू ठेवा, आणि प्रत्येक फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख, ठिकाण आणि वापरलेला पूर्ण शोधशब्द, अधिक-वजाच्या चिन्हांसकट, लिहून ठेवा. जाहिरातदार सहा महिन्यांनी ‘हे ६० कुठून आले’ असं विचारतो तेव्हा फाइलचं नावच दाखवता येतं.